बेलिचिक आणि टार हील्स : नव्या कोचला किती मुदत द्यायची?

निळाई
डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने (त्यांचा संघ म्हणजे टार हील्स) बिल बेलिचिकला अमेरिकन फुटबॉलचा मुख्य कोच म्हणून आणलं, तेव्हा आमच्या कॅरी-मॉरिसव्हिल भागात उत्साहाला नुसतं उधाण आलं होतं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा कोच म्हणून सहा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक एनएफएलची विजेतेपदं, जिंकलेला माणूस वयाच्या ७२व्या वर्षी पहिल्यांदाच कॉलेजच्या मुलांना शिकवायला येतोय म्हटल्यावर सीझन तिकिटं संपणारच. करार पाच वर्षांचा, वर्षाला एक कोटी डॉलर, त्यातली पहिली तीन वर्षं हमीची.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिला सामना १ सप्टेंबर २०२५, सोमवारची रात्र, समोर टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ). पहिल्याच चढाईत आपण टचडाउन केला, केनन स्टेडियम दणाणून गेलं, आणि त्यानंतर टीसीयूने ओळीने ४१ गुण केले. शेवटी ४८-१४. मायकेल जॉर्डन सामन्याला आला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्येच स्टँड रिकामे व्हायला लागले. हंगाम संपला तेव्हा ४ विजय, ८ पराभव.

मुलगी चॅपल हिलला याच विद्यापीठात शिकते, त्यामुळे हा विषय घरात रोजचा. ती म्हणते, तीन वर्षं तरी गप्प बसा. तिचे बाबा म्हणतात, कोटीभर डॉलर घेणाऱ्याला कसली तीन वर्षं? मला दोघांचंही पटत नाही. हंगाम मोजण्यापेक्षा काय सुधारलं ते बघावं असं माझं मत. पण नेमकं बघायचं काय? तुमच्या विद्यापीठात नवा कोच आला तेव्हा तुम्ही काय अपेक्षा धरल्या होत्या, आणि किती दिवस?

पोफळी
वाचतेय. इथे भरपूर प्रतिसाद येणार.

डरहॅमवासी
निळाई, चांगला धागा. आठ मैलांवरून लिहितोय, त्यामुळे माझं मत शेजारच्या ड्यूक विद्यापीठाच्या रंगाचं आहे हे आधीच सांगतो.

आमच्याकडे कोच मॅनी डियाझ २०२३च्या डिसेंबरमध्ये आला. कोणी तिकिटांसाठी रांगा लावल्या नाहीत. दुसऱ्याच हंगामात एसीसीचं, म्हणजे तुम्ही-आम्ही दोघंही ज्या गटात खेळतो त्याचं, विजेतेपद, व्हर्जिनियाला ओव्हरटाइममध्ये २७-२० हरवून. ड्यूकला फुटबॉलमध्ये १९८९ नंतर प्रथमच हे मिळालं. तुमच्याकडचं शेवटचं एसीसी विजेतेपद १९८०चं. तेव्हा लॉरेन्स टेलर तुमच्याकडून खेळत होता! नाव बघून कोच निवडला की असंच होतं.

निळाई
@डरहॅमवासी, ड्यूकचं अभिनंदन, मनापासून. ३२-२५ असा तो सामना आम्ही हरलो, तेव्हा मी स्टेडियममध्येच होते. पण नुसतं नाव बघून निवडला हे मान्य नाही. बेलिचिकचे वडील १९५३ ते ५५ इथेच साहाय्यक कोच होते, हा माणूस लहानपणी चॅपल हिलमध्ये राहिलेला आहे. शिवाय तुम्ही टेलरचं नाव काढलंत. न्यूयॉर्क जायंट्समध्ये त्याच टेलरला डिफेन्सचे धडे याच बेलिचिकने दिले. नातं आहे.

हस्कर_नाना
निळाईताई, नात्यागोत्यावर अजिबात भिस्त ठेवू नका. नेब्रास्कातून सांगतो.

स्कॉट फ्रॉस्ट आमचा घरचा मुलगा. १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन चढाई चालवणारा). कोच म्हणून २०१७ मध्ये यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ) १३ विजय, ० पराभव असं करून आला. विद्यापीठाच्या गावी, लिंकनमध्ये, तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. इथे १९६२ पासून मेमोरियल स्टेडियमचं एकही घरचं तिकीट शिल्लक राहिलेलं नाही, यावरून ओळखा लोकांचा जीव कसा गुंतलाय.

झालं काय? पहिल्या हंगामात ४-८, मग ५-७, ३-५, ३-९. त्या ३-९च्या वर्षी नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. दर आठवड्याला वाटायचं, आता जमलंच. शेवटच्या क्वार्टरमध्ये एकदा हातून चेंडू सुटला, एकदा आमची पंट (लाथेने लांब मारलेला चेंडू) अडवली, झालं. आम्ही म्हणत राहिलो, अरे किती थोडक्यात हरतोय, पुढच्या वर्षी फिरेल. ते फिरलं नाही. २०२२च्या सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर १ ऑक्टोबरला बायआउट, म्हणजे करार मोडल्याची भरपाई, दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होता. तेवढंही थांबवलं नाही कोणाला.

माझं ऐकाल तर 'थोडक्यात हरलो' हे सुधारणेचं लक्षण म्हणून मोजू नका. सतत थोडक्यात हरणं हाही कोचचाच दोष असतो.

सायली_मो
+१ नाना. पण सोलिचचंही सांगा की.

हस्कर_नाना
सांगतो. २००३ मध्ये आमचा कोच फ्रँक सोलिचला ९-३ असताना काढलं. कारण काय, तर आधीच्या कोच ऑस्बर्नच्या काळासारखं वाटत नाही! त्यानंतर आजतागायत आम्ही कॉन्फरन्स, म्हणजे आमचा गट, जिंकलेली नाही. त्याला घाईने काढलं आणि फ्रॉस्टला लांबवलं, दोन्ही चुका आमच्याच गावात झाल्या. आता मॅट रूल कोच आहे. ५-७, ७-६, ७-६. मी शांत आहे. माझा मुलगा नाही.

मिशिगनकर
मिशिगन विद्यापीठाच्या गावाहून, अ‍ॅन आर्बरहून. इथे उलटी गोष्ट घडली, म्हणून मुद्दाम लिहितो.

जिम हार्बॉ २०१५च्या हंगामाला आला तेव्हा बेलिचिकइतकाच गाजावाजा होता. तोही एनएफएलमधून आलेला, आणि आमचाच जुना क्वार्टरबॅक. पहिल्या वर्षी १०-३. पण ओहायो स्टेटविरुद्ध पाच सामने, पाच पराभव. मिशिगनमध्ये त्या एका सामन्यावर माणसाची किंमत ठरते. २०२० च्या कोविडच्या हंगामात २-४ झाल्यावर इथला जवळजवळ प्रत्येक जण म्हणत होता की आता पुरे.

विद्यापीठाने काढलं नाही. पगार साधारण निम्मा केला आणि बोनस वाढवले. त्यानेही मान्य केलं आणि डिफेन्सचा कोच बदलला, एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्सकडून माइक मॅकडॉनल्डला आणलं. २०२१ मध्ये बर्फ पडत असताना ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मग सलग तीन वर्षं हरवलं, आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद.

म्हणून निळाई, 'काय बघायचं' या प्रश्नाचं माझं उत्तर असं : पडल्यावर कोच काय बदलतो ते बघा. हाताखालची माणसं बदलतो का? स्वतःच्या पद्धतीत हात घालतो का?

डरहॅमवासी
@मिशिगनकर, त्याच २०२३च्या हंगामात हार्बॉ सहा सामने निलंबित होता, तेही लिहा. विजेतेपदासाठी काय काय चालवून घ्यायचं, हाही अपेक्षेचाच भाग आहे.

मिशिगनकर
बरोबर आहे, नियमित हंगामातले सुरुवातीचे तीन आणि शेवटचे तीन. आणि मला त्याचा त्रास झाला. माझी मुलं तेव्हा शाळेत होती, समोरच्या संघाच्या खुणा चोरण्याचं प्रकरण काय आहे ते त्यांना समजावताना जड गेलं. तरी वर लिहिलेलं खोटं ठरत नाही. धीर धरला आणि फळ मिळालं.

साधना_प
पुण्याहून एक बाळबोध प्रश्न. कॉलेजचा कोच, आणि वर्षाला एक कोटी डॉलर? हे पैसे फीमधून जातात का? माझा भाचा तिकडे एमएस करतोय, त्याच्या फीचा आकडा ऐकून आम्हाला घेरी आली होती.

निळाई
@साधना_प, प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या विद्यापीठांत यातले बहुतेक पैसे टीव्हीच्या हक्कांतून, तिकिटांतून आणि देणगीदारांकडून येतात. फुटबॉलच्या कमाईवर पोहणं, कुस्ती, रोइंग असे बाकीचे खेळ चालतात. काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडून खेळांसाठी वेगळं शुल्कही घेतात. आणि हो, कित्येक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर हा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. गव्हर्नर खूप खाली.

आता आणखी एक खर्च आलाय. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. त्याशिवाय एनआयएल, म्हणजे जाहिराती वगैरेंतून खेळाडूची स्वतःची कमाई.

सुखदा_ब्लूमिंग्टन
मी थांबू शकत नाहीये, माफ करा, आमच्या इंडियानाबद्दल लिहायलाच हवं.

२०२३ मध्ये आम्ही ३-९. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात सर्वाधिक पराभव तेव्हा कोणाच्या नावावर होते, तर आमच्या. बास्केटबॉलचं गाव आहे हे. कोच कर्ट सिग्नेटी आला जेम्स मॅडिसन विद्यापीठातून, वय ६२. पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना कसं पटवता? तर म्हणाला, मी जिंकतो, गूगल करून बघा. आम्हाला वाटलं, बोलायला काय जातंय.

२०२४ मध्ये ११-२ आणि प्लेऑफ. २०२५ मध्ये १६-०. सोळा! मायामीत मायामीलाच २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेते. आमच्या क्वार्टरबॅकला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी. अजून सांगताना अंगावर काटा येतो.

तेव्हा तीन वर्षं, पाच वर्षं असं काही नसतं. पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलायची सोय) आल्यापासून पहिल्याच वर्षी कळतं.

टस्कलूसाचा_विनय
@सुखदा, अभिनंदन, आणि प्लेऑफच्या रोज बोल सामन्यात आम्हाला ३८-३ हाणल्याबद्दल अजून राग आहे.

पण तुमचा नियम सगळ्यांना लावू नका. अलाबामात निक सेबनने १७ हंगामांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. जानेवारी २०२४ मध्ये तो निवृत्त झाला आणि दोन दिवसांत केलन डीबोर आला. वॉशिंग्टन विद्यापीठात २५-३, त्याआधी सू फॉल्स नावाच्या छोट्या कॉलेजात ६७-३. यापेक्षा चांगला बायोडेटा कोणाचा असणार?

सप्टेंबरमध्ये जॉर्जियाला ४१-३४ हरवलं. पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरलो. व्हँडरबिल्टने आम्हाला १९८४ नंतर पहिल्यांदा हरवलं, आणि त्यांच्या नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उपटून रस्त्याने मिरवत नेऊन नदीत टाकला. वर्षअखेर ९-४. दुसऱ्या कुठल्याही गावात ९-४ ला पेढे वाटले असते, आमच्याकडे सुतक. दुसऱ्या वर्षी प्लेऑफमध्ये गेलो, ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर हरवलं, तरी लोकांचं समाधान नाही. आधीच्या कोचची सावली ज्याच्यावर पडते त्याला वेगळं माप लावलं जातं. चॅपल हिलला तो त्रास नाही, निळाई. तुमच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत दहा विजय म्हणजे २०१५चा एकच हंगाम. मग ४-८ चं इतकं दुःख का? बेलिचिकच्या नावामुळेच ना?

निळाई
@विनय, हो, काही अंशी नावामुळे. पण जास्त दुःख याचं की क्लेमसनसारखा सामना आपल्याच मैदानावर पहिल्या क्वार्टरमध्येच २८-३ होऊन संपतो. हरण्याला हरकत नाही. तयारी दिसत नाही याला आहे.

विदर्भवीर
नागपूरचा माणूस आहे, सध्या शार्लटला. फुटबॉल इथे येऊनच कळायला लागला, पण कोच संघ कसा फिरवतात ते घरचं पाहिलंय.

विदर्भ रणजीमध्ये कधी फायनललासुद्धा गेला नव्हता. चंद्रकांत पंडित कोच झाले आणि पहिल्याच हंगामात, २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून चषक. पुढच्या वर्षी पुन्हा. मग ते मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये तिथेही पहिला चषक, तोही मुंबईला हरवून. पण नुसती कडक शिस्त म्हणून हे झालं नाही. वसीम जाफर, गणेश सतीश अशी बाहेरून आलेली तयार माणसं आधीपासून संघात होती. शिवाय पंडितांची स्वतःची उभी हयात रणजीत गेलेली. कोणत्या मैदानावर कोणता पोरगा घाबरतो ते त्यांना ठाऊक.

सिग्नेटीचंही तसंच दिसतं. जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू तो सोबत घेऊन आला, सगळे त्याच्या हाताखाली घडलेले. बेलिचिकने सत्तरच्या आसपास नवे खेळाडू गोळा केले, पण त्यांतला एकही आधी त्याच्याकडे खेळलेला नव्हता. आणि त्याची हयात कॉलेजात गेलेली नाही.

सायली_मो
विदर्भवीर, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. सत्तर अनोळखी पोरं आणि कॉलेजला अनोळखी कोच, सप्टेंबरपर्यंत एकमेकांची नावं पाठ झाली तरी खूप.

डरहॅमवासी
असहमत. पोर्टल सगळ्यांनाच सारखं. तेवढे नवे खेळाडू इतरांकडेही असतात. एनएफएलमध्ये मोठी माणसं असतात, पगारी, त्यांना रविवारी काय करायचं ते सांगितलं की झालं. इथे अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो, सकाळी केमिस्ट्रीचा पेपर देऊन आलेला. त्याच्या आईला फोन करावा लागतो. बेलिचिकला हे कधी करावंच लागलं नाही.

अभ्यंकर_काका
थोडं अवांतर. त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबद्दल कोणी बोलत नाहीये. कोच गेला की पोर्टल उघडतं, मुलं चार वर्षांत तीन विद्यापीठं बदलतात. त्यांच्या पदव्यांचं काय होतं? मी निवृत्त प्राध्यापक आहे, माझ्या वर्गात असे खेळाडू होते. एक लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) पहाटे पाचला वजनं उचलून आठच्या तासाला पहिल्या बाकावर बसायचा, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून. तो दुसरीकडे गेला तेव्हा त्याची निम्मी क्रेडिट्स तिकडे लागू झाली नाहीत. कोचकडून माझी पहिली अपेक्षा एवढीच, की त्याच्या हाताखालची मुलं पदवी घेऊन बाहेर पडावीत.

निळाई
काका, हे अवांतर नाही. माझ्या मुलीच्या वसतिगृहात संघातले दोघे आहेत. टीसीयूच्या सामन्यानंतर त्यांना मोबाइलवर काय काय वाचावं लागलं ते तिने दाखवलं. चाहत्यांच्या अपेक्षांचा भार कोटी डॉलरवाल्यावर कमी आणि त्या पोरांवर जास्त पडतो. ते लिहिणारे आपल्यातलेच असतात, हे फार वाईट आहे.

निटनीलायन
स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. आमच्या पेन स्टेट विद्यापीठाचा कोच जेम्स फ्रँकलिन १०४ सामने जिंकला, ४५ हरला. तरी क्रमवारीत पहिल्या दहातल्या संघांविरुद्ध ४-२१. २०२५ मध्ये ओरेगन, यूसीएलए, नॉर्थवेस्टर्न असे ओळीने तीन पराभव आणि ऑक्टोबरमध्ये घरी. बायआउट जवळजवळ पाच कोटी डॉलरचा होता! आता आयोवा स्टेटहून मॅट कॅम्बेल आलाय, २०२४ मध्ये तिथे ११ सामने जिंकलेला. आयोवा स्टेटमध्ये ११ विजय म्हणजे इतिहास. आमच्याकडे ११ विजय म्हणजे 'पण ओहायो स्टेटला हरवलं का?' त्याची मला काळजीच वाटते.

हस्कर_नाना
कॅम्बेल चांगला आहे हो. त्याला सोलिच करू नका म्हणजे झालं.

मिशिगनकर
आमच्याकडेही २०२६च्या हंगामाला नवा कोच, काइल व्हिटिंगहॅम. युटामध्ये दोन दशकं एकाच ठिकाणी काढलेला माणूस. मी पहिल्या हंगामात फक्त ओहायो स्टेटचा सामना बघणार नाही, बाराही बघणार, असं ठरवलंय.

पोफळी
निळाई, मूळ प्रश्न राहिला. बेलिचिकने काही सुधारलं का नाही? आकडे सांग ना.

निळाई
सांगते, हेच मला लिहायचं होतं.

हंगामाचे तीन तुकडे पाडा. पहिल्या पाच सामन्यांत शार्लट आणि रिचमंडला हरवलं, पण टीसीयू, यूसीएफ, क्लेमसन या तिन्ही तगड्या संघांनी मिळून आपल्यावर १२० गुण चढवले. मग मधले चार : कॅलविरुद्ध (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) २१-१८ हरलो, व्हर्जिनियाविरुद्ध ओव्हरटाइममध्ये १७-१६ हरलो, सिरॅक्यूजला २७-१० आणि स्टॅनफर्डला २०-१५ हरवलं. चार सामन्यांत फक्त ६३ गुण दिले. टीसीयूविरुद्ध तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) वाट चुकल्यासारखे धावणारे तेच लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी) व्हर्जिनियाविरुद्ध चेंडू सुटायच्या आधी जागेवर उभे होते. बेलिचिकची विद्या ती हीच. त्या सामन्यात दोन गुणांसाठी टाकलेला पास झेललाही, पण रेषेच्या काही इंच अलीकडे अडवलं. बर्कलीला कॅलविरुद्ध गोललाइनवर चेंडू निसटला. हे दोन्ही जमले असते तर बोलसाठी, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्यासाठी, लागणारे सहा विजय झाले असते.

पण नाना, तुमचं म्हणणं लक्षात ठेवून तिसरा तुकडाही सांगते. वेक फॉरेस्ट, ड्यूक, एनसी स्टेट. तिन्ही संघ आपल्याच राज्यातले, तिन्ही सामने हरलो, आणि १०२ गुण दिले. मधे जे कमावलं ते शेवटी टिकलं नाही. आणि बाराही सामन्यांत आपण तिसाच्या वर एकदाच गेलो, रिचमंडविरुद्ध. ऑफेन्स, म्हणजे चढाईची बाजू, वर्षभर तसाच. क्वार्टरबॅकला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या पुढची पाच जणांची भिंत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, रोज ढासळत असेल तर त्याने टाकायचं कुठून? हंगाम संपल्यावर ऑफेन्सचा कोच बदलला, म्हणजे मिशिगनकरांच्या कसोटीतली पहिली अट पूर्ण झाली.

म्हणून दुसरं वर्ष द्यावं असं मी म्हणते, आणि त्यात दोन गोष्टी मागते. ऑफेन्सिव्ह लाइन उभी राहिलेली दिसू दे, आणि ड्यूक व एनसी स्टेट यांपैकी एकाला तरी हरवू दे. दोन्ही नसेल तर तिसऱ्या वर्षाची हमी कितीही असो, मी त्याची बाजू घेणार नाही.

डरहॅमवासी
ड्यूकला सोडून एनसी स्टेटला हरवा. बाकी सगळं मान्य.

टस्कलूसाचा_विनय
हे दोन निकष मी अलाबामाच्या ग्रुपवर चिकटवतो. तिथे फक्त 'जिंका' एवढाच निकष आहे.

लिफीकाठ
डब्लिनहून. ऑगस्ट २०२६ अखेर टार हील्स आणि टीसीयू आमच्या अविवा स्टेडियमवर खेळणार आहेत, आणि ऑफिसमधल्या आयरिश मित्रांबरोबर मीही जातोय. रग्बी कळते, हा खेळ अजिबात नाही. निळाई, पहिल्यांदा बघणाऱ्याने नजर कुठे ठेवायची?

निळाई
@लिफीकाठ, वा! ज्यांनी ४८-१४ केलं तेच पुन्हा समोर आहेत, त्यामुळे याहून चांगली परीक्षा नाही. रग्बी बघता म्हणजे स्क्रम बघायची सवय आहेच. चेंडूमागे जाऊ नका. आपला क्वार्टरबॅक चेंडू घेईल तेव्हा त्याच्या पुढचे पाच धिप्पाड गडी बघा. त्याला तीन सेकंद उभं राहू देतात की नाही, एवढंच मोजा, आणि पहिला हाफ संपला की इथे लिहा. उत्तर कॅरोलायनात तेव्हा दुपार असेल, आम्ही सगळे टीव्हीसमोर असू.

लिफीकाठ
नक्की. आणि फिकट निळा टीशर्ट कुठे मिळेल तेही सांगा, इथे सगळं हिरवंच मिळतं.